काशप्पा गुरुजींचं बंदर

काशप्पा गुरुजींच्या तासाला इतिहासाच्या वहीला दोन समास लागत. डावीकडचा सगळ्यांच्या वहीला असतो तोच. उजवीकडे आणखी एक, बोटभर रुंदीचा, पट्टी लावून आखायचा. त्या समासात प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर लिहायचं. गोष्ट पाहिलेली असेल तर ‘पा’, कुणाकडून ऐकलेली असेल तर ‘ऐ’ आणि वाचलेली असेल तर ‘वा’. अक्षर नसलेलं वाक्य ते तांबड्या शाईनं खोडत, मग ते पाठ्यपुस्तकातलं का असेना.

सहावीत असताना मी एकदा धीर करून विचारलं, "गुर्जी, तुम्ही सांगितलेल्याला काय लावायचं?"

"मी सांगितलेलं कामून खरं धरायलास?" ते खडू झटकत म्हणाले. "मी ते कुठनं आनलं, ते इचार की. माझ्या परसात इतिहास पिकतोय व्हय?"

वर्ग हसला. मला मात्र त्या दिवशी कळलं की मास्तरांना असंही विचारता येतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. वडील औरादच्या बाजारात पोती उचलत. मास्तर म्हटलं की ते अंगठा लावायच्या तयारीत असल्यासारखे उभे राहत. त्यांचा मुलगा मास्तरांना प्रश्न विचारून जिवंत घरी आला, ही आमच्या घरात तशी मोठीच बातमी होती.

आमचं गाव औराद तालुक्यातलं. महाराष्ट्राची हद्द पायी अर्ध्या तासावर, तेलंगणाची त्याहून थोडी लांब. राज्य कर्नाटक, शाळा मराठी. बाजारात दखनी चाले, आणि लग्नाच्या पंगतीत वाढपी तेलुगूत भांडत. गुरुजी घरी बायकोशी कन्नड बोलत, वर्गात मराठी, बसच्या कंडक्टरशी समोरचा जी बोलेल ती. कुठल्याही भाषेत त्यांचा आवाज सारखाच मोठा होता. शेजारच्या वर्गातली पोरं गणिताच्या तासाला बसून इतिहास शिकत.

दिसायला ते काही विशेष नव्हते. उंच, काटक, कपाळावर विभूतीची तीन बोटं, पांढरा शर्ट, त्याच्या आत गळ्यातल्या लिंगाचा उंचवटा. चालणं मात्र पाहत राहावं असं होतं. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं आणि ते त्यांनी मुद्दाम तसं घडवलं होतं. शाळेचा व्हरांडा टेपनं मोजलेला होता. दर जूनमध्ये शाळा उघडली की ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आपलं पाऊल तपासत. एखादं पाऊल कमीजास्त आलं तर परत जात. हेडमास्तर ऑफिसच्या खिडकीतून म्हणत, "झाली का गुर्जी चाचणी? पास का नापास?" गुरुजी पावलं मोजत असल्यामुळे उत्तर देत नसत.

दर वर्षी सातवीच्या पोरांना ते बिदरला नेत. पहाटेची बस, सोबत जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. गावातल्या चौबाऱ्याच्या बुरुजापासून पायी निघायचं. वाटेत सुलतानांच्या काळातला पडका मदरसा लागे. त्याचा एक मनोरा उभा आणि दुसऱ्याची नुसती जागा. भिंतीवर अजून निळ्या-हिरव्या फरशा चिकटलेल्या. तिथं ते आम्हाला पडलेल्या मनोऱ्यासमोर जास्त वेळ उभं करत. "उभा हाय तो दिसतोयच. पडलाय तो बघायला शिका," म्हणत. मग किल्ला. तांबडा खडक फोडून काढलेला तीन पदरी खंदक, त्याच्या काठाने चालत दरवाज्यापर्यंत.

तिथल्या एका म्हाताऱ्या वाटाड्यानं आम्हाला अडवून भुयार दाखवलं. "ये सुरंग सीधा गुलबर्गे तक जाती साब."

"आप गये क्या?" गुरुजींनी विचारलं.

"मैं कैकू जातूं? अंदर सांप रहते."

"तुमचे वालिद गये?"

"उनो बी नै गये. उनके दादा बोलते थे बोल के बोले."

गुरुजी आमच्याकडे वळले. "लिहा. भुयार गुलबर्ग्याला जातंय. ‘ऐ’ लावा. आन् पुढं कंसात लिहा, साप." म्हातारा स्वतःच पोट धरून हसला आणि पुढे दिवसभर फुकट आमच्याबरोबर फिरला.

किल्ल्याच्या दरवाज्यात सगळ्यांना थांबवून गुरुजी नेहमीचा प्रश्न विचारत. "दरवाजा दिसला की काय इचारायचं?"

"कोन येत होतं आन् कोन जात होतं!" सगळे एका सुरात.

"मग सांगा, ह्यातनं कोन येत आसंल?"

"राजा!"

"राजा काय रोज येतोय? रोज कोन येत आसंल?"

आमच्या वर्गात संगीता नावाची मुलगी होती, कुंभाराची. ती कधी बोलायची नाही. ती हळूच म्हणाली, "गवत घेऊन बायका येत असतील, गुर्जी. एवढ्या घोड्यांना गवत नको?"

गुरुजी तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी आपल्या डोक्यावरची टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. परतीच्या बसमध्येही ती टोपी तिच्याच डोक्यावर होती. पुढे ते वाक्य त्यांनी आम्हाला वर्षभर ऐकवलं. "तीस वर्षं त्या दरवाज्यात उभा ऱ्हायलो, मला गवत दिसलं न्हाई. कुंभाराच्या पोरीला दिसलं."

गवतापासून ते घोड्यांकडे येत आणि घोड्यांपासून चौलला. आमच्या मातीत चांगला घोडा निपजत नव्हता. बिदरच्या सुलतानांचे घोडे अरबस्तानातून गलबतांतून येत, कोकणच्या किनाऱ्यावर चौलच्या बंदरात उतरत आणि तिथून घाट चढून, नद्या ओलांडून बिदरला येत. "बिदर पोट हाय. चौल त्याचं तोंड. तोंड बघितल्याबिगर पोट कसं कळंल?" बिदरचा धडा चार पानांचा होता. त्यात चौलवर एक ओळ होती. त्या एका ओळीवर गुरुजी दीड महिना शिकवत.

त्यासाठी शाळेच्या मागच्या बाजूला दर हिवाळ्यात आम्ही ते बंदर बांधायचो. आधी सुलतानांचं चौल, खाडीच्या काठावरचं. मग त्याच्या जवळच रेवदंड्याला पोर्तुगीजांनी बांधलेला कोट, गावाला वेढून बसलेला. मातीचे तट, विटांच्या तुकड्यांचा उंच मनोरा, पडक्या चर्चच्या भिंती, तुरीच्या काड्यांना कडुनिंबाचे डहाळे बांधून केलेल्या माडाच्या बागा, खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. अंतरं गुरुजींनी पुस्तकांतून आणि जुन्या नकाशांतून काढलेली. नकाशे मागवण्यासाठी ते कुठल्या कुठल्या ग्रंथालयांना पत्रं लिहीत. दहा पत्रांना एक उत्तर येई आणि त्या दिवशी शाळेला पेढे.

समुद्राची मात्र पंचाईत व्हायची. आमची काळी माती पाणी पिऊन टाकायची. खताच्या पोत्यांतलं प्लॅस्टिक खाली अंथरलं तरी तासाभरात समुद्र खाली जायचा. म्हणून गुरुजी रोज दोन पोरं नेमत. हापशावरून बादल्या आणून तटाला पाणी लागलेलं ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. शिकवता शिकवता त्यांची नजर तिकडे गेली की ओरडत, "आरं, समुद्र भरा, समुद्र! तट उघडा पडायलाय!"

आणि वहीत आम्ही लिहायचो: समुद्राकडच्या दरवाज्याला पहारा नसे, कारण तिथे पाणी कायम तटाला लागलेले असे. समासात ‘वा’. त्यावर गुरुजींची खास उपमा होती. बिदरच्या सुलतानांना खंदक खणावा लागला, चौलला देवानंच खणून दिला.

माझ्या वडिलांनी एकदा त्यांना रस्त्यात गाठलं. पोरगा रोज चिखलानं भरून घरी येत होता. वडील हात जोडूनच बोलले, पण बोलले. "गुर्जी, राग मानू नका. पोराला समुंदर शिकवून काय करायचं? हितं मांजरा नदीला बी उन्हाळ्यात पानी नसतंय."

"म्हनूनच शिकवायलोय," गुरुजी म्हणाले. "हितं हाय ते त्याला दिसतंयच की. त्याला माझी काय गरज?"

वडिलांना ते पटलं की नाही ठाऊक नाही. पण दहावीनंतर मला बाजारात कामाला लावायचं ठरलं होतं, तेव्हा गुरुजी घरी आले. आमच्या घरात खुर्ची नव्हती. ते पोत्यावर बसले. उदगीरच्या कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरूनच आणला होता. "सही तेवढी करा, अप्पा." वडिलांनी अंगठा पुढे केला. गुरुजींनी शाईची डबी खिशात ठेवून दिली आणि त्यांच्या हातात पेन दिला. मग पाऊण तास बसून माझ्या वडिलांना त्यांचं नाव लिहायला शिकवलं. त्या फॉर्मवर वडिलांची आयुष्यातली पहिली सही आहे. मी पदवीधर झालो तो तिथून.

पुढे मला पनवेलला माल वाहतुकीच्या एका कंपनीत नोकरी लागली. गुरुजी निवृत्त झाले होते. एका रविवारी मी त्यांना फोन केला आणि बोलता बोलता म्हणालो, "गुर्जी, हितनं चौल बसनं अडीच-तीन तासांवर हाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू बघितलास?"

"न्हाई अजून."

"मग बघू नको. मी यायलोय."

ते आले, सोबत शरणम्मा अक्का. अक्का म्हणजे गुरुजींच्या पत्नी. सगळी शाळा त्यांना अक्काच म्हणायची. लहानखुऱ्या, तोंडाने तिखट. बसमध्ये त्या मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापास्नं हे गाव ऐकायलेय बाबा. मला माझ्या माहेरची वाट इसरली, पर चौलची तोंडपाठ हाय. एकदाचं बघू दे, म्हंजे सुटका."

मी थोडा धास्तावलेला होतो. पन्नासेक वर्षं मनात धरलेलं गाव प्रत्यक्षात भलतंच निघालं तर? पण रिक्षा रेवदंड्याच्या कोटाच्या दरवाज्यातून आत शिरली आणि गुरुजी सरळ होऊन बसले. "आता माडाच्या बागा लागतील." लागल्या. "पुढं मनोरा दिसंल." झाडांच्या वर मनोरा दिसला, वरचे मजले ढासळलेला, काळवंडलेला. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "काका, तुम्ही इथलेच काय?"

"न्हाई बाबा, बिदरचा."

"मग आधी कधी आलेले?"

"पहिल्यांदाच यायलोय."

रिक्षावाल्यानं अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "इचारू नको. सांगत बसले तर मुक्काम पडंल."

ते दोन तास मी विसरणार नाही. वर्गात ऐकलेलं एकेक ठिकाण गुरुजी मला प्रत्यक्ष दाखवत होते, आणि तेही स्वतः पहिल्यांदाच पाहत होते. मनोऱ्याला त्यांनी पावलांनी वेढा घातला, मग थांबून हसले. "पाऊल सव्वादोनवर आलंय रे. हिशेब सुधारून घ्यावा लागंल." पडक्या चर्चच्या भिंतीला त्यांनी हात टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. एका वाडीच्या मालकानं आम्हाला शहाळी दिली आणि गुरुजींच्या तोंडून आपल्याच गावाचा इतिहास ऐकत चुलीवरचं दूध उतू घालवलं. सगळं बरोबर होतं. आमच्या शाळेमागच्या चिखलात जे जिथे होतं, ते तिथेच होतं.

मग आम्ही समुद्राच्या अंगाला गेलो. तटाचा एक भाग ढासळलेला, त्याच्या शेजारी दरवाज्याची कमान. गुरुजी पुढे, आम्ही मागे. ते कमानीत पोचले आणि थांबले. मला वाटलं समुद्र पाहून भारावले. मीही पुढे झालो.

तटाखाली पाणी नव्हतं. ओली वाळू, शेवाळलेले काळे खडक, मधेमधे डबकी. समुद्र लांब, एखाद्या चमकत्या रेघेसारखा. आणि तटाच्या बुडाशी, अगदी दरवाज्याखाली, दोन बायका टोपल्या घेऊन वाकून खडकांतून काहीतरी वेचत होत्या.

अक्का मागून आल्या. त्यांनी पदर सावरून खाली पाहिलं. "आहो, बायका चालायल्यात की तिथं. तुमचं पानी कुठं गेलं?"

गुरुजी खाली उतरले. खडक निसरडे होते, मी हात धरायला गेलो तर त्यांनी झटकला. त्या बायकांतल्या एकीजवळ जाऊन म्हणाले, "बाई, पानी कधी आटलं?"

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, विभूतीकडे पाहिलं, हातातल्या चपलांकडे पाहिलं. "आटेल कशाला? सुकती हाय आता. सांजच्याला येल परत."

"रोज?"

"रोज म्हंजे? दिसातून दोनदा जातंय, दोनदा येतंय." ती दुसरीकडे वळून हसली. "कुठनं आलंय गो पाव्हनं!"

आता हे सांगायला मलाही लाज वाटते. भरती-ओहोटी आम्हाला भूगोलात होती. चंद्र, सूर्य, आकृती, सगळं पाठ. गुरुजींनाही अर्थात ठाऊक होती. पण भूगोलाचा तास दुसऱ्या मास्तरांचा असे. भरती-ओहोटी तिथं आकृतीत राहिली, आमच्या बंदरात कधी आलीच नाही. आमच्याकडे पाणी वर्षातून एकदा जातं, उन्हाळ्यात, आणि गेलं की पावसापर्यंत येत नाही. दिवसातून दोनदा पाणी उठून जातं आणि शत्रूला वाट करून देतं, हे आमच्या डोक्यात यायला कुणी बादल्या भरणं थांबवायला हवं होतं.

गुरुजी दरवाज्यापासून पाण्यापर्यंत पावलं मोजत गेले आणि मोजत परत आले. आकडा सांगितला नाही. तटाला पाठ लावून एका दगडावर बसले ते संध्याकाळपर्यंत. अक्कांनी भाकरी सोडली, त्यांनी खाल्ली नाही. पाणी आलं, अगदी हळू, खडक एकेक करून बुडवत. पायाशी आलं तेव्हा ते उठून एक दगड वर बसले. मग आणखी एक.

मी म्हणालो, "गुर्जी, एवढं सगळं बरोबर निघालं. एक वाक्य चुकलं तर काय झालं?"

"चुकलं त्याचं काय न्हाई. मानूस चुकतोयच." ते पाण्याकडे बघत होते. "पोरांना मी त्याच्याम्होरं ‘वा’ लावायला लावलं. मी ते कुठं वाचलो? मला आठवंना."

घरी जाऊन त्यांनी पुस्तकं काढली. अक्का फोनवर सांगत, "दोन म्हैने झालं, घरात पाय ठेवायला जागा न्हाई. नुसती पुस्तकं पसरून बसलेत." त्यांनी सगळे नकाशे, सगळी टिपणं, ग्रंथालयांची सगळी पत्रं पुन्हा वाचली. ते वाक्य कुठेच नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं. बिदरच्या खंदकाच्या काठावर उभं राहून त्यांच्या मनात आलं होतं, आणि वर्षानुवर्षं सांगून सांगून त्यांना ते वाचल्यासारखं वाटू लागलं होतं.

मग त्यांनी नावं लिहून काढली. सातवीच्या प्रत्येक तुकडीतली, आठवतील तेवढी, आणि त्यांना जवळजवळ सगळी आठवत. ज्यांचे फोन मिळाले त्यांना फोन केला. ज्यांचे मिळाले नाहीत त्यांच्या गावी गेले. बस, वडापची जीप, एखाद्याची मोटरसायकल, जे मिळेल त्यानं. जनवाड्याला आमच्या वर्गातला शिवराज टायरचं दुकान चालवतो. त्यानं मला ते सगळं सांगितलं. दुपारच्या उन्हात गुरुजी दुकानासमोर उभे राहिले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "शिवराज, मी तुला एक चुकीचं शिकवलो होतो. ते सांगायला आलोय."

शिवराज गडबडला. सगळं ऐकून म्हणाला, "गुर्जी, मला चौल बी आठवंना. पहारा कुठला आठवायलाय? ह्याच्यासाठी उन्हातान्हात आलाव व्हय?"

"तुला आठवंना, ते तुजं. मी सांगितलो, ते माजं," गुरुजी म्हणाले आणि पुढची बस पकडायला निघाले.

काही जण हसले. दोघातिघांना वाटलं, वय झालं, डोकं फिरलं. अक्का म्हणायच्या, "लोकं म्हातारपनी देवाला जातेत. ह्यांचं बघा." पण त्याच त्यांना सकाळी भाकरी बांधून देत आणि पिशवीत छातीच्या दुखण्याच्या गोळ्या टाकत. डॉक्टरांनी तोवर प्रवास बंद करायला सांगितलं होतं.

गेल्या थंडीत मी सुट्टीवर आलो तेव्हा यादीतलं एकच नाव राहिलं होतं. संगीता. कुंभाराची संगीता आता हुलसूरच्या बाजूला एका खेड्यात मराठी शाळेत इतिहास शिकवते. तिच्या शाळेमागेही दर हिवाळ्यात चौलचं बंदर बांधतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिनं फोटो पाठवले होते. गुरुजींनी ते फोटो पाकिटात जपून ठेवले होते आणि येईल त्याला दाखवत. बाकीच्यांच्या डोक्यातून ते वाक्य कधीच पुसलं गेलं होतं. संगीताकडून ते दर वर्षी नव्या पोरांच्या वहीत उतरत होतं.

"सगळीकडं जाऊन आले," अक्का मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. "तिच्याकडं पाय उचलंना त्यांचा. तू ने बाबा. छाती दुखती म्हन्तेत, पर ते कारन न्हाई."

भालकीला बस बदलून आम्ही गेलो. वाटेत गुरुजी एकदाच म्हणाले, "तिनं लई इश्वास ठेवलाय रे माझ्यावर."

शाळा दोन खोल्यांची. संगीता व्हरांड्यात धावत आली, वाकून पाया पडली. "गुर्जी! सांगितलं असतं तर पोरं वेशीवर आली असती घ्यायला!" तिला काय करू नि काय नको झालं होतं. गुरुजींनी तिला पुढे बोलू दिलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तट, बायका, टोपल्या, पाणी, आणि ते वाक्य कुठल्याच पुस्तकात नसल्याचं. आवाज एवढा बारीक मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

संगीता खांबाला टेकली. "बारा वर्षं झाली गुर्जी. मी हेच शिकवायलेय."

"म्हनूनच आलो, बाळ."

"मागच्याच आठवड्यात वहीत लिहून दिलंय पोरांना." तिनं डोळे पुसले. राग आला होता की रडू, मला सांगता येत नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मग आत या. तुम्हीच सांगा त्यांना."

"न्हाई. वर्ग तुजा हाय. तू सांग. मी मागं बसतो."

गुरुजींना वर्गात मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. मी दाराशी उभा होतो. ते भिंत धरून, गुडघे दाबत, शेवटच्या सतरंजीवर बसले. दोन मुलांनी सरकून जागा दिली. त्यातल्या एकानं विचारलं, "आजोबा, तुमची वही कुठंय?" त्यांनी खिशातून बसचं तिकीट काढून मांडीवर ठेवलं.

संगीता फळ्यासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "मुलांनो, चौलच्या धड्यात मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलंय. वह्या काढा." वर्गात कुजबुज झाली. तिनं फळ्यावर तट काढला, दरवाजा काढला, पाणी काढलं. मग डस्टरनं पाणी पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. "दिवसातून दोनदा," ती म्हणाली. "माझ्या गुरुजींनी स्वतः तिथं बसून पाहिलं."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग पाणी गेल्यावर त्या दरवाज्यातनं कोण येत-जात होतं?"

"मला माहीत नाही," संगीता म्हणाली. "कुणाला काय वाटतंय?"

तीन-चार हात वर झाले. मग सगळ्यात मागून आणखी एक हात वर आला, पांढऱ्या शर्टाच्या बाहीतला. संगीतानं तो पाहिला. तिनं आधी खिडकीजवळच्या मुलाला उभं केलं, मग त्याच्या शेजारच्या मुलीला. काशप्पा गुरुजी हात तसाच वर धरून, आपली पाळी येण्याची वाट बघत बसले होते.